हजर नसलेले

कुहमोच्या पुढे, रस्ता जिथे बर्फाला शरण जातो,
तिथे सिर्का हुओविनेनची लाकूडगिरणी.
करवतीला मापं सांगतो एक जुना संगणक,
आणि तो बदलता येत नाही,
कारण मापांचा प्रोग्राम लिहिणारी कंपनी बुडाली
आणि प्रोग्रामला हे अजून कुणी कळवलेलं नाही.

सोमवारी नेटवर्कचं कार्ड गेलं.
मी नवं बसवलं, त्याला जुन्याचाच पत्ता दिला, शेवटचा आकडा सात.
पडद्यावर पाटी आली:
हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाच्या नावावर आहे.
ते कार्ड तुम्हाला दिसणार नाही,
कारण ते या संगणकात नाही.

मी पाटी दोनदा वाचली.
जुनं कार्ड माझ्या कोटाच्या खिशात होतं,
एका कोपऱ्यात करपलेलं,
आणि सात नंबरचं घर सोडायला तयार नव्हतं.

उपाय मला तोंडपाठ आहे.
काळी खिडकी उघडायची, एक ओळ लिहायची.
ओळीचा अर्थ साधारण असा:
हजर नसलेलेही दाखव, बरोबर एक.
नंतर त्याच खिडकीतून यादी बोलवायची.

आले.
धुण्यात गेलेल्या पावत्यांसारखे फिकट, पण आले.
टेलिफोनच्या तारेवरून कण्हणारा मोडेम.
एकच कार्ड तीन वेळा, पुढे दोन, तीन, चार असे आकडे:
आर्मासने ते दर वेळी वेगळ्या खाचेत बसवून पाहिलं
आणि दर वेळी संगणकाला वाटलं, पाहुणा नवा आहे.
ट्रॅक्टरखाली चिरडलेली बिनतारी काडी.
स्वीडनच्या कुणा गिऱ्हाइकाकडे जाणारा बोगदा;
गिऱ्हाईक राहिलं नाही, बोगदा राहिला.

टेबलाच्या पायाला दोरीने बांधलेली वही आहे.
आर्मासने तेवीस वर्षं त्यात सगळं लिहिलं:
कुठली तार कुठे, कुठला स्क्रू कुणाचा उसना.
मी वहीशी ताडून एकेक काढत गेले.
काढू का? हो. काढू का? हो.
करपलेलं गेलं आणि सात मोकळा झाला.
नवं कार्ड आत शिरलं, उंबऱ्यावर पाय न पुसता.
बाहेर पट्टा हलला, पहिला ओंडका मापात बसला,
सिर्काने खिडकीतून अंगठा दाखवला.

इथे थांबले असते तर अंधार पडायच्या आत घरी पोचले असते.

पण यादीत एक उरला होता,
आणि वहीत त्याच्यापुढे: हा काढू नये.
खाली दोन रेघा. कारण नाही.

आर्मास आता तळ्याच्या पलीकडे, वृद्धांच्या निवासात.
नर्सने फोन त्याच्या बऱ्या कानाला लावला.
मी मॉडेल सांगितलं, वर्ष सांगितलं, ओरडून सांगितलं.
"चौतीस होते," तो म्हणाला.
काय चौतीस?
"शून्याखाली. कुत्री टेबलाखाली व्यायली होती.
मी हातमोजे घालून टाइप करत होतो."
आणि कार्ड?
"चार पिल्लं. एक पांढरं."
कार्ड, आर्मास. वहीत लिहिलंय, काढू नये.
बराच वेळ नुसता श्वास.
"मी लिहिलंय?"
दोन रेघा मारून.
"मग काही तरी असेल."
काढू?
"काढ."
माझं बोट कळीवर होतं.
"पण आज नको."

त्याच्याकडे कुठला पत्ता नव्हता,
तो कुणाची जागा अडवून बसलेला नव्हता.
मी वहीत, त्याच्या रेघांखाली, तारीख घालून लिहिलं:
विचारलं. आज नको म्हणाला.

सिर्काने पैशांबरोबर एक गोठलेला मासा दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून.
मी काळी खिडकी बंद केली.
ती ओळ खिडकीपुरतीच असते.
यादी पुन्हा उघडून पाहिली, उगाच:
एकच कार्ड, ठळक, ठीक चाललेलं.
बाकी कुणी नाही.
टेबलाखाली वाकून पाहिलं, तेही उगाच.
भुसा, आणि दोरीचं टोक.