साडेतीन टक्के

शिरोलीच्या फाउंड्रीत माझं काम वाळूचं.
दर तासाला मोजून सहा ग्रॅम
लोखंडी बाटलीत घालायची, वर कार्बाइडची पूड,
झाकण आवळून हलवायची.
ओल असेल तर गॅस होतो,
काटा सरकतो,
मी वहीत लिहिते: साडेतीन.
हाताला दिवसभर मार्केट यार्डातल्या
घाईनं पिकवलेल्या आंब्यांचा वास.

बाबालाल मुल्लाणींना बाटली लागत नाही.
मूठ आवळतात, उघडतात,
बोटांचे वळ उमटलेला मुटका मधोमध मोडून
त्याची कड बघतात.
"साडेतीन," म्हणतात.
"आपल्या गावात देवीपास्नं सगळं साडेतीनातच बसतंय."
चारवर गेली की ओतलेल्या लोखंडात वाफ अडकते,
कास्टिंगच्या पोटात फोड राहतो,
वरून गुळगुळीत. मशीनवर चढेपर्यंत कळत नाही.
चाळीस वर्षं ते हाच फोड टाळत आलेत.

गेल्या जुलैत उद्यमनगरात, अथणीकरांच्या शॉपमध्ये
बंगळूरहून एक ड्रॉइंग आलं:
अंगठीच्या डबीएवढी भट्टी.
परक्या ग्रहाची चिमूटभर माती तिच्यात पडणार,
सावकाश तापणार,
आणि जे काही सुटेल,
पाणी, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचं काहीबाही,
ते केसाएवढ्या नळीतून हुंगलं जाणार.
मला बोलावलं. वाळूची बाई म्हणून.
गुऱ्हाळाच्या चरकाचे दाते पाडणाऱ्या मशीनशेजारी
प्लास्टिकचे पडदे लावून आम्ही स्वच्छ खोली केली,
जमली तेवढी.

पहिल्या चाचणीला आत काहीच नव्हतं.
रिकामी भट्टी.
तरी आलेख उठला.
पाणी.
पुन्हा केली. पाणी.
अथणीकरांनी चष्मा काढून पुसला,
जसा काही दोष काचेचाच.

ते आमचंच होतं.
पावसाळ्यातली इथली दमट हवा,
स्क्रू आवळताना टेकलेलं माझं बोट,
पडद्याशी उभं राहून "काय म्हणतंय?" विचारणाऱ्या
बाबालालांचा श्वास, त्यात नुकत्याच प्यालेल्या चहाची वाफ.
धातूच्या अंगात एवढं कोल्हापूर मुरलं होतं,
आणि यंत्र काही खोटं बोलत नव्हतं.

मग नऊ दिवस तिला नुसतं भाजलं,
पंप लावून, हवा ओढून घेत.
लाइट तीनदा गेली,
तीनदा पहिल्यापासून.
दहाव्या पहाटे रेघ खाली बसली ती बसलीच.
मला आनंद व्हायला हवा होता. झालाही.
पण खूप वेळ मी त्या सपाट रेघेकडे बघत होते,
आणि घसा कोरडा पडला होता.

पेटी बंद करायच्या आधी बाबालाल आले.
हात लावायचा नव्हता.
त्यांनी हात मागे बांधून वाकून बघितलं.
"किती निघंल पाणी?"
"एक टक्का. कदाचित तेवढंही नाही."
"एक टक्क्याची वाळू मूठ धरत न्हाई. सांडती."
थोडं थांबून,
"पर फोड बी न्हाई यायचा."

पेटी गेली. कुठवर गेली ते अजून कुणी कळवलेलं नाही.
आज तिसऱ्या पाळीत काटा चारवर गेला.
मोल्डिंगवाले ओरडायला लागले.
मी त्यांना थांबवलं,
आधी हात पुसले, कोरडे,
बोटांच्या बेचक्यांतसुद्धा,
आणि पुन्हा सहा ग्रॅम मोजले.