चौसष्ट व्होल्ट

कुळ्याच्या यार्डात मीटर गेजचे सहाशे फूट रूळ
कुणाच्या तरी विसराळूपणाने उरले. त्यावर ती उभी.
रंग झाला, काचा बसल्या, हॉर्नसुद्धा वाजतो,
गॅरेजातून उसना आणलेला कॉम्प्रेसर जोडला की.
फक्त कुशीतले खण रिकामे,
या अंगाला चार, त्या अंगाला चार.
तळाशी पांढरी भुकटी, वाळलेली पाल.

वेर्ण्याहून लिथियमवाला आला, इस्त्रीच्या शर्टात.
"काका, वजन चौथाई!"
हिला हलकं व्हायचं नाही, मी म्हटलं,
हलकी झाली की चाकं जागच्या जागी गरगरतात.
त्याला विनोद वाटला. चहा पिऊन गेला.

सावर्ड्याचं टेलिफोन एक्स्चेंज मोडीत निघालेलं,
दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल, काचेसारखे स्वच्छ.
उचलून पाहिले, खाली ठेवले.
यांना जन्मभर हळू बोलायची सवय.
हिला पहाटे एकच आरोळी लागते,
हजार अँपिअरची, दहा सेकंद,
आणि मग दिवसभर काही नाही.

आरोळी ठाऊक असलेले कुडचड्यात सापडले:
खाण बंद पडल्यापासून टिपर ओळीने उभे,
चाकांतून रान उगवलेलं.
तिळव्यांनी बॉनेट उघडून दाखवलं. बारा व्होल्टच्या.
पाच घेतल्या तर साठ, इंजिन नुसतं खाकरेल.
सहा घेतल्या तर बहात्तर, चार्जिंगला ब्याऐंशी,
जुने रिले एकेक करून जळतील.
"पाच घे, वर टेलिफोनचे दोन सेल जोड,"
इनास म्हणाला, "चौसष्ट जाले मरे!"

हिशेब बरोबर होता.
पण एका माळेत सगळ्यांतून तोच प्रवाह जातो, इनास,
जो दुबळा तो आधी रिकामा होतो,
आणि बाकीचे त्याला उलटा करतात.
त्याचं धन ऋण होतं, त्याच्याच घरात.

हे सांगत होतो तेव्हा तो टॉर्च घेऊन
डाव्या खणात वाकला होता.
आत पत्र्यावर तेलरंगातली ओळ, माझं अक्षर:
"नं. ६ कमकुवत. १४-८-८३."
पंधरा तारखेच्या सकाळी ही सुरू झाली नव्हती.
झेंड्याआधी निघायची गाडी झेंड्यानंतर निघाली.
मेमो ड्रायव्हरला मिळाला. ड्रायव्हर इनास कुलासो,
एक इन्क्रिमेंट गेलं.
बॅटरीरूममध्ये कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

टॉर्च विझला.
"रंग बरो तुजो," तो म्हणाला, "चाळीस वर्सां तिगलो."

मग मी नवीन मागवल्या.
आठ-आठ व्होल्टच्या आठ, शिशाच्या, झाकणवाल्या,
दर महिन्याला पाणी मागणाऱ्या.
कारखान्याने साचा शोधायलाच तीन आठवडे लावले.
देणगीच्या डब्यात होतं ते कमी पडलं.
किती आणि कुणी घातलं, ते लिहीत नाही.

काल रात्री चार्जिंगला लावल्या.
बुचं काढलेली, बारीक बुडबुड्यांचा आवाज,
नाकात तो ओळखीचा तिखट वास,
विडी नाही, म्हणून दोघे उगाच खिसे चाचपत.
मी हायड्रोमीटर बुडवत गेलो, तो उजेड धरत गेला.
पहिली, दुसरी, तिसरी. तो जांभई देत होता.
सहावीला टॉर्च स्थिर झाला.
बाराशे पन्नास, मी म्हटलं.
"परत पळय," तो म्हणाला.