गुरुवारची तीन मिनिटं

आचाओच्या रेडिओवर मी बटणं सांभाळतो.
चिलोएच्या या बाजूला बेटं फार, मोबाईलला रेंज नाही,
म्हणून संध्याकाळी सहाला निरोप असतात:
आपियाओच्या रोसाउराबाईंना, लेकीला मुलगा झाला, दोघं बरी आहेत.
आलाओकरांना, उद्या लाँच नाही, वारा उत्तरेचा आहे.
काग्वाचच्या कुणा एकाला, माझी करवत परत कर.
मग येते एर्मेलिंदा चिग्वाय,
नगर वाचनालयातली.
ओला कोट खुर्चीच्या पाठीवर टाकते
आणि पोत्यातनं बटाटे निवडावेत तशी
पिशवीतनं पुस्तकं काढते.

तिला तीन मिनिटं. मी बोटांनी खुणा करतो.
ती बघत नाही.

"फार सुंदर पुस्तक" असं ती कधी म्हणत नाही.
म्हणते, "निळ्या पुठ्ठ्याचं आहे. बेचाळिसावं पान गेलंय,
पण तिथे नुसतं जेवण चाललेलं असणार, अडत नाही.
यात एक बाई आहे. मेलेल्या नवऱ्याचे बूट
अकरा वर्षं दर रविवारी पुसते.
बाराव्या वर्षी स्वतःच घालून घराबाहेर पडते.
कुठे जाते ते मी सांगणार नाही.
पाय तिचेही मोठे होते, एवढंच सांगते."

किंवा, "हे विहिरी खणणाऱ्यांचं. रटाळ वाटेल.
पहिली तीस पानं आहेच रटाळ.
जांभया देत का होईना, पार करा.
एकतिसाव्यावर पाणी लागतं."

एकदा तिनं एक जाडजूड ग्रंथ माईकपुढे धरला. रेडिओवर!
"बघा किती जड आहे," म्हणाली,
आणि टेबलावर सोडला.
धप्प.
यंत्रावरची सुई तांबड्यात गेली.
दुसऱ्या दिवशी चौघे जण धक्क्यावर
त्या धप्पची चौकशी करत होते म्हणे.

मी काही वाचणाऱ्यातला नाही.
शाळेत अक्षरांशी तोंडओळख झाली,
पुढे जाणं-येणं राहिलं नाही.
पण गुरुवारी कॉफी मी सहाच्या आत उरकतो.

जुलैत, थंडी हाडात शिरली होती तेव्हा,
सोफानोर मियालोंको थेट स्टुडिओत आला.
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं विहिरींचं पुस्तक,
त्याला धुराचा आणि शिंपल्यांचा वास.
वाचनालयाला कुलूप होतं, म्हणाला, म्हणून इकडे.
एर्मेलिंदानं माईकवर हात ठेवून विचारलं,
"कसं वाटलं?"
त्यानं टोपी काढली.

"मला वाचता येत नाही, बाई.
चुलीवरच्या फळीवर ठेवलं होतं.
तुम्ही सांगितलं तेवढं पाठ होतं,
रात्री त्याच्याकडे बघत तेवढंच म्हणायचो.
एकच विचारायचं होतं."
थोडा वेळ टोपी फिरवत राहिला.
"ते पाणी. गोड लागलं का खारं?
आमच्या बेटावर तीनदा खणलं. तिन्ही वेळा खारं."

मला वाटलं, ती सांगून मोकळी होईल.
एका शब्दाचं उत्तर.
पण तिनं त्याच्याकडे खुर्ची सरकवली,
पुस्तकाचा कागद सोडला,
एकतिसावं पान काढलं आणि वाचायला लागली.
माईकवरचा हात कधी उचलला होता, तिला कळलं नाही.
मला कळलं होतं.

सहा सतरा. टायरची जाहिरात लावायची वेळ.
माझं बोट बटणावर.
दोर खाली चाललेला, खालचा माणूस
वर ओरडून काहीतरी सांगतोय आणि वर ऐकू जात नाहीये.
पान संपलं. पाण्याची चव
लिहिणाऱ्यानं अजून लिहिलेली नव्हती.
तिनं पान उलटलं.

टायरवाल्यानं महिन्याचे पैसे कापले.
दुसऱ्या फेरीचे निरोपही त्या दिवशी गेले नाहीत,
आणि काग्वाचची ती करवत
अजून परत आलेली नाही.