चौदावा प्रसंग

ड्रॅगनला मराठीत काय म्हणावं
यावरच माझे दोन महिने गेले.
व्याल म्हटलं तर तो देवळाच्या खांबावरून उतरेना,
अजगर म्हटलं तर उडेना.
शेवटी काळ्या घोड्याच्या पुलावर उभी होते,
जानेवारीत, सकाळी दहाला,
हातात सेव-उसळीचं पार्सल,
आणि खाली विश्वामित्रीच्या गाळावर
काहीतरी पडलेलं दिसलं, जबडा वासून,
पाठीला प्लास्टिकची पिशवी चिकटलेली, तरी राजासारखं.

"मगर," हेमांग म्हणाला.
"मगर काय?" मी विचारलं.
मला वाटलं, वाक्य पुढे आहे.

तेव्हापासून माझ्या ड्रॅगनचं नाव मगर.
मराठीत ती, गुजरातीत तो; मी तो ठेवला.
पंख माझे, पाठ नदीची.

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
रात्री मी ही गोष्ट लिहिते, जिला एक शेवट नाही.
दिवसा दातांच्या कवळ्या बनवते,
म्हणजे जबड्यांची मला सवय आहे.

वाचणाऱ्याने निवडायचं:
मिठाच्या व्यापाऱ्याची मुलगी,
किल्ल्यातला आंधळा दिवाबत्तीवाला,
किंवा मगर.
प्रत्येकापाशी एक आकडा. खरं बोललात, पाचने चढतो.
खोटं बोललात, दहाने उतरतो.
प्रेम असं हिशेबाने लिहायची आधी लाज वाटायची,
मग रस्त्यात कुणी हसलं तरी
मनात कुठेतरी, अधिक दोन.

हेमांग चुका शोधतो. पैसे घेत नाही, लीलो चेवडो घेतो.
मार्चमध्ये त्याने मला एक प्रश्न विचारला होता,
कमाटी बागेत, छोट्या आगगाडीची शिट्टी संपेपर्यंत थांबून.
मी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही.
त्यानेही, बंद पडलेलं बटण दाबावं तसं,
पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं नाही.
सोमवारी त्याची यादी आली, नेहमीसारखी:

प्रसंग सहा: पूल जळून गेल्यावरही नायिका पुलावरून जाते.
प्रसंग नऊ: दिवाबत्तीवाला आंधळा आहे ना? मग चंद्र कसा बघतो?
प्रसंग चौदा: मगरला नाही म्हटलं तरी
त्याचा आकडा उतरत नाही. तो तसाच म्हणत राहतो,
"ये, पाठीवर बस." हे बरोबर नाही.
नाही म्हटलेलं त्याला ऐकू यायला हवं.

खाली चष्मेवाल्याने शटर ओढलं.
मी अजून तीच ओळ वाचत होते.

एक सूचना लिहायची राहिली होती, एवढंच.
ती घातली. आकडा शून्यावर आला.
आणि पडद्यावर मगर नुसता उभा,
कारण नकारानंतर त्याने काय करायचं
ते मी लिहिलंच नव्हतं.
नायिकेला सात वाटा होत्या. त्याला एकही नाही.

आग ओकायला लावली. खोटी वाटली.
मारून पाहिला. ते तर त्याहून खोटं.
डोंगरापलीकडे उडवून दिला,
पण तो माझ्याच सोयीसाठी उडत होता.

तेव्हा पूल आठवला.
मी म्हटलं होतं, केवढा चिडलाय बघ,
आणि हेमांग म्हणाला होता, चिडलेला नाही तो,
अंग फार तापलं की तोंड उघडं ठेवतात ते.
पडू दे त्याला.

मग लिहिलं:
मगर नदीकाठी गेला. पंख मिटले.
जबडा उघडा ठेवून त्याने ऊन अंगावर घेतलं.
संध्याकाळपर्यंत तो कुणाचाच नव्हता,
आणि त्याला बरं वाटत होतं,
किंवा वाटेल.

पुढच्या सोमवारी यादीत एकच नोंद.
प्रसंग चौदा: आता चालतो.
फक्त एक शंका. आमच्यात ऊन म्हणजे लोकर.
एवढ्या मोठ्या ड्रॅगनला
स्वेटर कुणी विणला?