सात तुकडे

ऊर्पो सात तुकडे ठेवून गेला खिडकीत:
बर्च, पाइन, ॲश, दोन जातीचे ओक,
दोन आल्डर, त्यातल्या एकाला जवसाचं तेल,
दुसरा नुसताच साबणाने धुतलेला.
म्हणाला, घाई नको. उजेड बघून ठरव.

उजेड! नोव्हेंबरात, ओउलूला,
तो साडेनवाला येतो आणि तीनला कोट चढवतो.
तेवढ्यात तूलिक्कीने बघायचं तरी काय?
सकाळी ओक मधासारखा,
दुपारी कॉफीच्या चोथ्यासारखा,
दिव्याखाली थेट बँकेतलं काउंटर.

मग तुकडे घरभर पांगले.
एक डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली,
एकावर मांजराने नखांनी शेरा मारला,
बर्च रोज किटलीखाली.

तीन आठवड्यांनी ऊर्पो आला, टेप उलगडत.
"ठरलं?"
तिने किटली उचलली.
खाली तो बर्च, करपट,
वर्तुळं एकमेकांत अडकलेली,
कडेला लोण्याचं बोट.
"हा."

त्याने तो पालथा केला, सुलटा केला, हुंगला.
"हा रंग डब्यात मिळत नाही."
"माहीत आहे. तू फळ्या कोऱ्याच लाव."

निघताना त्याने वहीत लिहिलं:
लाकूड, बर्च. लांबी, दोन मीटर दहा.
पॉलिश, गिऱ्हाईक.