अनुभव असल्यास

दिल्लीची संस्था. धोरण-संशोधन, दोन महिने,
मानधन नाही, राहण्याची सोय आपली आपण.
अर्ज आज रात्री बारापर्यंत.
विलिंग्डनच्या मॅडमनी लिंक पाठवली, खाली एवढंच :
टाकून तरी बघ.

नाव : श्रुतिका भूपाल मगदूम.
पत्ता : कर्नाळ रोड, सांगली.
पूररेषेच्या आत की बाहेर
ते विचारलेलं नाही, पुढं गेले.

धोरणविषयक कामाचा पूर्वानुभव, असल्यास.
तीनशे शब्द.
चौकटीत उभी रेघ लुकलुकत राहिली.
पप्पा शेजारी यार्डातल्या पावत्या जुळवत होते,
नखं हळदीनं पिवळी.
"काय अडलं?"
"अनुभव."
"मग नाही म्हणून लिही. खोटं नको."

खोटं.

दहावीत होते. आयर्विन पुलाखाली पाणी
उतरून चार दिवस झालेले.
तलाठी भाऊसाहेब चिखलात घसरलेले, उजवा हात गळ्यात :
"ए पोरी, अक्षर बरं हाय का तुझं? धर."
आणि बत्तीस घरांचे पंचनामे मी लिहिले,
ओल्या भिंतीला पाठ न टेकता, उभ्यानं.
भांडी. कपडे. पाणी किती फूट, किती दिवस.
शमशाद चाचींच्या शिलाई मशीनला रकाना नव्हता,
ते मी 'इतर'मध्ये घातलं.
'इतर'चं पुढं काही आलं नाही.

दोन दिवसांहून जास्त पाणी असेल तरच पैसे.
चाचींचं घर जरा चढावर :
रविवारी सकाळी शिरलं, सोमवारी रात्री गेलं.
"क्या लिखी गे?"
मी लिहिला ३.
पोट फुगलेला, ठसठशीत,
शाळेत बक्षीस मिळवणारा.
भाऊसाहेबांनी कागद बघितला. मला बघितलं.
मग डाव्या हातानं सही केली,
लहान मुलासारखी, वाकडी.

अकरा बावन्न.
लिहिलं : मर्यादित. खोडलं.
लिहिलं : बत्तीस कुटुंबांच्या नुकसानीची क्षेत्रीय पाहणी.
इंग्रजीत हे किती इस्त्री केलेलं दिसतं.
एकतीस लिहावं का, असंही वाटलं.
बोट तिथंच थांबलं,
बत्तिसावर.

पप्पांनी पावत्यांना रबर लावलं,
पंख्याचं बटण एकनं कमी केलं.
"झालं का गं?"

"एका घराचं राहिलंय."