रुमालाखाली

आबा मार्केट यार्डात तोलाईला होते.
हळदीचा भाव त्यांच्या काळी
रुमालाखाली ठरायचा:
दोन हात, वर एक पंचा,
आत बोटं बोटांशी बोलायची.
शेजारी उभा असलेल्याला
फक्त कापड हललेलं दिसायचं.

मी हरिपुरात, रात्री सव्वाबाराला,
गोपनीयता धोरण लिहितोय.
आमचं सॉफ्टवेअर छोटं, फुकट, सगळ्यांचं.
मराठी टाइप करायचं.
चौदा माणसं. त्यातली नऊ मी कधी पाहिलेली नाहीत.
पहिलं वाक्य सोपं गेलं:
‘आम्ही तुमची माहिती विकत नाही.’
घेणार तरी कोण होतं?

दुसऱ्या वाक्याला आठवडाभर अडलोय.

तिचा मेल आला होता.
खाली नाव नव्हतं,
दोन अक्षरं नि एक आकडा.
‘दहा वर्षांपूर्वी तुमच्यात काम केलं मी.
तिथं माझं सासरचं आडनाव आहे,
आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे वेळ.
त्या वेळा कुणीतरी मोजल्यात.
मी कधी जागी असते
ते तो मलाच सांगतो.
काढता येईल?’

मी जुन्या नोंदी उघडल्या.
रात्री दोन चाळीस. पहाटे चार पाच.
दुसऱ्या, तिसऱ्या, सुऱ्या, दऱ्या,
या सगळ्यांतला तो अर्धा वाकडा र
तिनं बसवलेला.
त्याआधी आमच्याकडे ‘दुसर्या’ असा
लंगडत चालायचा.

मिरजेला इलियास शिकलगारला फोन लावला.
म्हणाला, ‘भावा, एक टाका उसवलास
तर पोतं सगळं उसवतंय.
पुढची नोंद मागचीवर शिवलीय.
आणि ज्यांनी उतरवून घेतलंय
त्यांच्या घरात शिरणार हायस का?’
मग जरा थांबून:
‘उसव. बाकीच्यांना मी सांगतो.’

शनिवार सगळा उसवण्यात गेला.
नावाच्या जागी ‘एक सहभागी’,
वेळेच्या जागी सगळीकडे दुपारचे बारा.
तिच्या रात्री पुसल्या.
काम कुणाचं, तेही पुसलं गेलं.
त्याचं काय करायचं
मला अजून कळलेलं नाही.

आमच्या गावात जमिनीखाली पेवं होती,
वर्षानुवर्षं हळद झोपायची त्यांत.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही,
कोंडलेली हवा माणूस मारते.
आधी दोरीनं दिवा सोडायचा.
विझला, तर थांबायचं.
आम्ही थांबलो नव्हतो.
आमच्या पेवाला झाकणच नव्हतं.

तिला लिहिलं: आमच्याकडचं काढलं.
बाहेर गेलेलं मला गोळा करता येणार नाही.
पी हळद हो गोरी, तसं नाही हे.
दोन दिवसांनी उत्तर, चार शब्दांचं:
‘खरं सांगितलंत. बरं वाटलं.’

तर वाक्य असं झालंय:
‘नाव द्यायचं तर द्या, नाहीतर कुठलंही द्या.
तुमची वेळ आम्ही लिहिणार नाही.
एकदा वाटलं गेलेलं परत आणता येत नाही,
हे काम सुरू करण्याआधी वाचा.’
इलियास म्हणतो, कायद्याच्या भाषेत बसत नाही.

आबांना विचारलं,
रुमालाखालचा भाव कधी फुटला नाही?
‘फुटायचा की.
बोटं बघून नव्हं, तोंड बघून.’
आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

वर ‘दुसऱ्या वाक्याला’ असं लिहिलंय बघा.
र नीट उमटलाय.